बीपी तेवढंच, हृदय मात्र वेगळं

बीपीचे दोन रुग्ण घ्या. वय साधारण एकच, वरचा आकडा दोघांचाही एकशे साठच्या घरात, गोळ्याही जवळपास त्याच. एकाला पंचावन्नाव्या वर्षी झटका येतो आणि अँजिओप्लास्टी करावी लागते. दुसरा पंच्याहत्तरीतही नातवंडांना शाळेत सोडायला चालत जातो. असे दोघे बहुतेक नात्यागोत्यात सापडतात आणि त्यांच्याकडे पाहून लोक म्हणतात, ‘बीपीचं काही खरं नाही, ज्याचं त्याचं नशीब.’

डॉक्टर नशिबाचं नाव घेत नाहीत. ते विचारतात, साखर आहे का? तंबाखू खाता का? कोलेस्टेरॉल किती? मूत्रपिंडं कशी आहेत? घरात कोणाला कमी वयात झटका आला होता का? या प्रश्नांच्या उत्तरांतून बराचसा फरक उलगडतो, पण सगळा नाही. ही कारणं हिशेबात धरल्यावरही काही उरतंच. गेली पंचवीस वर्षं हृदयविकाराचे अभ्यासक या उरलेल्या फरकाचा एक धागा आपल्या गुणसूत्रांच्या टोकांशी शोधत आहेत. त्या टोकांवरच्या डीएनएच्या तुकड्याला टेलोमिअर म्हणतात. टेलोमिअरची लांबी, रक्तदाब आणि हृदय यांचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर त्यात विज्ञान मोठं सुंदर आहे, आणि दुसरं म्हणजे या नावाखाली आता तपासण्या आणि गोळ्या विकल्या जाऊ लागल्या आहेत.

बांधालगतची पट्टी

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक लांब धागा. त्याला दोन टोकं, म्हणजे एका पेशीत एकूण ९२ टोकं. डीएनएचा मजकूर ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. मधल्या भागात या अक्षरांचे हजारो अर्थपूर्ण परिच्छेद असतात, त्यांना आपण जनुकं म्हणतो. टोकाशी मात्र टी-टी-ए-जी-जी-जी ही सहाच अक्षरं पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांत कोणत्याही प्रथिनाची कृती नसते. मग निसर्गाने ती ठेवली कशासाठी?

बैलांनी नांगरलेलं शेत आठवा. तास बांधापाशी आला की बैल वळवावे लागतात आणि वळायला जागा लागते. त्यामुळे अगदी बांधालगतची पट्टी नांगराला लागत नाही, ती तशीच राहते. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा हेच घडतं. नक्कल करणाऱ्या यंत्रणेला धाग्याच्या एकदम शेवटच्या अक्षरापर्यंत पोचताच येत नाही. नवी प्रत टोकाशी थोडी तोकडी निघते. पुढच्या वेळी त्या तोकड्या प्रतीची नक्कल होते आणि ती आणखी तोकडी निघते. बांधापर्यंत पीक असतं तर प्रत्येक फेरीला पिकाची एक ओळ गेली असती. टोकाला ही निरर्थक सहा अक्षरांची पट्टी असल्यामुळे जे जातं ते पट्टीतून जातं आणि जनुकांचं पीक शाबूत राहतं.

ही अडचण सर्वांत आधी ओळखली रशियाच्या अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी, १९७१ मध्ये. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उभं असताना त्यांना ही कल्पना सुचली होती. पुढच्याच वर्षी डीएनएच्या रचनेच्या शोधातले जेम्स वॉटसन यांनी स्वतंत्रपणे हीच अडचण मांडली. ओलोव्हनिकोव्ह यांच्या डोक्यात त्या वेळी लिओनार्ड हेफ्लिक यांचा प्रयोग घोळत होता. त्या प्रयोगाची गोष्ट हृदयापासूनच सुरू होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या पेशी १९४६ पर्यंत वाढत होत्या असं सांगितलं जाई. त्यामुळे पेशी मुळात अमर असतात, असं जवळपास अर्धं शतक शास्त्रज्ञ मानत आले. हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये माणसाच्या पेशी काळजीपूर्वक वाढवून दाखवलं, की त्या साधारण ४० ते ६० वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. कॅरेल यांचा प्रयोग नंतर कोणालाही पुन्हा करून दाखवता आला नाही.

पेशी मोजते कशी, हे कोडं उरलं होतं. त्याचं उत्तर टोकाशी सापडलं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये डबक्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांची टोकं वाचली आणि तिथे सहा अक्षरांचा तोच तो मजकूर पाहिला. १९८४ च्या नाताळच्या दिवशी ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला प्रयोगशाळेत टोक पुन्हा लांब करणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. या विकराचं नाव टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बीजपेशींमध्ये आणि काही मूलपेशींमध्ये टेलोमरेज काम करतं. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींमध्ये ते जवळजवळ बंद असतं. म्हणून नवजात बाळाच्या पांढऱ्या पेशींत टेलोमिअरची लांबी साधारण दहा हजार अक्षरांची असते, लहानपणी ती झपाट्याने कमी होते आणि मोठेपणी दरवर्षी सरासरी वीस ते तीस अक्षरांनी घटत राहते. पट्टी फारच अरुंद झाली, की पेशीला ते टोक तुटलेल्या डीएनएसारखं भासतं आणि ती दुभंगणं कायमचं थांबवते. मात्र ती मरत नाही, तिथेच बसून राहते आणि दाह वाढवणारी रसायनं आजूबाजूला सोडत राहते. अशा पेशींना जराग्रस्त पेशी म्हणतात. हृदयविकाराच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. धमनीच्या अस्तरात अशा पेशी जमल्या तर दुरुस्ती थांबते आणि वर दाहही वाढतो.

दाबाखालची धमनी

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. प्रत्येक ठोक्याला रक्ताचा लोट धमन्यांच्या भिंतीवर आदळतो. भिंतीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एका पेशीइतका पातळ. रक्तदाब सतत चढा असला की या थरातल्या पेशी जास्त झिजतात. झिजलेल्या पेशीच्या जागी शेजारची पेशी दुभंगून नवी पेशी देते. म्हणजे जिथे दाब जास्त, तिथे विभाजनं जास्त आणि तिथे टेलोमिअरची पट्टी लवकर संपणार, असा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज १९९५ मध्ये एडविन चँग आणि कॅल्व्हिन हार्ली यांनी तपासला. त्यांनी एकाच प्रकारच्या पेशी दोन ठिकाणच्या धमन्यांतून घेतल्या. एक ओटीपोटातली इलियाक धमनी, जिच्यावर रक्तप्रवाहाचा ताण मोठा असतो. दुसरी छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी धमनी, जिच्यावर तो कमी असतो. वयानुसार टेलोमिअर दोन्हीकडे आखूड होत होते, पण इलियाक धमनीच्या अस्तरात ते अधिक वेगाने आखूड होत होते. छातीतली ही धमनी बायपास झालेल्यांच्या घरात ओळखीची आहे. तीच शल्यचिकित्सक हृदयाच्या बंद झालेल्या धमनीला जोडतात आणि ती वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. तिच्यात चरबीचे थर क्वचितच साचतात. यामागे इतरही कारणं आहेत, पण तिच्या अस्तराला आयुष्यभर कमी मार बसलेला असतो, हेही त्यांपैकी एक असावं.

विभाजन हे टेलोमिअर झिजण्याचं एक कारण झालं. दुसरं कारण रासायनिक आहे. बीपीच्या अनेक रुग्णांत अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त काम करतं. ते धमन्या आवळतं, मीठ-पाणी शरीरात धरून ठेवायला लावतं आणि पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार करतं. या रेणूंना डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी हे अक्षर सर्वांत सहज सापडतं, आणि टेलोमिअरच्या सहा अक्षरांत तीन जी ओळीने उभे असतात. शिवाय टेलोमिअरभोवती प्रथिनांचं दाट वेष्टण असल्यामुळे तिथली मोडतोड इतर भागांइतकी चटकन दुरुस्त होत नाही. त्यामुळे पेशी एकदाही न दुभंगता तिचं टेलोमिअर जखमी होऊ शकतं. पुढे हृदयाच्या स्नायूकडे वळल्यावर हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

रक्ताच्या नमुन्यांनी काय सांगितलं

जिवंत माणसाच्या धमनीचा तुकडा काढून तपासणं शक्य नसतं. म्हणून अभ्यासक दंडातून रक्त घेतात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींमधल्या टेलोमिअरची सरासरी लांबी मोजतात. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांमधल्या टेलोमिअरचा बऱ्यापैकी मेळ असतो. ज्याचे रक्तात लांब, त्याचे सहसा इतरत्रही लांब. म्हणून रक्तावरून अंदाज करता येतो. पण तो अंदाजच असतो, हे विसरून चालणार नाही.

डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या ४९ जोड्यांवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे टेलोमिअर आखूड, त्यांच्या वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर जास्त आढळलं. हे अंतर जितकं जास्त, तितक्या मोठ्या धमन्या ताठ झालेल्या असतात. फ्रान्समध्ये अथानास बेनेतोस यांच्या गटाने पुढच्या वर्षी १९३ लोकांत हेच तपासलं. पुरुषांमध्ये संबंध स्पष्ट दिसला, स्त्रियांमध्ये दिसला नाही. एकाच वयाच्या स्त्री-पुरुषांत स्त्रियांचे टेलोमिअर सरासरीने लांब असतात, हेही त्यात पुन्हा दिसलं.

माझ्या मते सर्वांत बोलका आहे तो याच गटाचा २००४ चा अभ्यास, कारण त्यात केवळ बीपीचेच रुग्ण होते. गोळ्या चालू असलेल्या १६३ पुरुषांच्या मानेतल्या धमन्या त्यांनी सोनोग्राफीने पाहिल्या. ज्यांच्या धमनीत चरबीचे थर जमले होते, त्यांच्या टेलोमिअरची सरासरी लांबी ८१७० अक्षरं होती. ज्यांच्या धमन्या साफ होत्या, त्यांची ८४६० अक्षरं. फरक तीनशे अक्षरांच्या आसपास. वर्षाला वीस-तीस अक्षरं घटतात हे लक्षात घेतलं तर हा फरक दहा-बारा वर्षांच्या घटीएवढा भरतो. सुरुवातीला आपण घेतलेल्या दोन रुग्णांच्या कोड्याला इथे पहिल्यांदा आकड्यांत उत्तर मिळू लागतं. दोघांनाही बीपी आहे, पण दोघांच्या धमन्यांची दुरुस्तीची शिल्लक सारखी नाही.

याच सुमारास इंग्लंडमधल्या लेस्टरला, केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ नीलेश समानी यांनी हा विषय हाती घेतला. हृदयाच्या धमन्या गंभीररीत्या आकुंचित झालेल्या रुग्णांमध्ये टेलोमिअर आखूड असतात, हे त्यांच्या गटाने २००१ मध्ये अगदी मोजक्या लोकांत दाखवलं. नंतर स्कॉटलंडच्या एका मोठ्या औषध-चाचणीतल्या पुरुषांचे साठवलेले नमुने त्यांनी तपासले. २००७ मध्ये निकाल आला. चाचणीच्या सुरुवातीला ज्यांचे टेलोमिअर आखूड होते, त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयविकार होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. मात्र हे फक्त खोटी गोळी मिळालेल्या गटात दिसलं. ज्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी मिळाली, त्यांच्यात आखूड टेलोमिअरचा हा जादा धोका बराच ओसरला होता.

पुढे २०१४ मध्ये २४ अभ्यासांतल्या ४३,७२५ लोकांचा एकत्र हिशेब झाला. टेलोमिअरच्या लांबीनुसार लोकांचे तीन गट केले, तर सर्वांत आखूड गटाला हृदयधमनीविकाराचा धोका सर्वांत लांब गटाच्या साधारण दीडपट निघाला. दीडपट म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे, पण एकट्या माणसाचं भविष्य सांगण्याइतका मोठाही नव्हे.

एकोमधला उलटा निकाल

इथवर गोष्ट सरळ आहे. टेलोमिअर आखूड, तर धमन्या वाईट. आता हृदयाकडे वळू.

चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागलं की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड होते. टू-डी एकोच्या रिपोर्टवर ‘एलव्हीएच’ अशी तीन अक्षरं असतात, ती याचीच नोंद. जाड भिंत काही वर्षं काम निभावून नेते. पण तिला रक्त जास्त लागतं, ती नीट सैलावत नाही आणि पुढे दम लागणं, ठोके अनियमित होणं, हृदय निकामी होणं हा रस्ता तिथून सुरू होतो. आतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांवरून कोणीही म्हणेल, की जाड भिंतीच्या रुग्णांचे टेलोमिअर आखूड असणार.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चालू असलेल्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासाने हे तपासलं. ८५० लोकांचे एको आणि रक्ताचे नमुने ताडून २००९ मध्ये निकाल आला तो नेमका उलटा. ज्यांचे टेलोमिअर लांब, त्यांच्या डाव्या कप्प्याचं वजन जास्त आणि भिंत जाड. हा संबंध सर्वांत ठळक दिसला तो उच्च रक्तदाब असलेल्या लोकांतच.

असं का व्हावं, याचा एक पटण्याजोगा अर्थ अभ्यासकांनी लावला. भिंत जाड होणं ही हृदयाने दाबाला दिलेली प्रतिक्रिया आहे, आणि प्रतिक्रिया द्यायलाही वाढीची क्षमता लागते. ज्यांच्या शरीरात ती शिल्लक भरपूर आहे, त्यांचं हृदय दाबाला वाढून उत्तर देतं. ज्यांच्याकडे ती कमी आहे, त्यांना तेवढं वाढता येत नाही. याला जोडून आणखी एक निष्कर्ष आहे. हृदय निकामी होत गेलेल्या रुग्णांच्या रक्तात टेलोमिअर आखूड आढळतात, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासात २००७ मध्येच दिसलं होतं. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र असं उभं राहतं, की जाड होण्याचा टप्पा आणि थकण्याचा टप्पा वेगवेगळे आहेत आणि टेलोमिअर त्या दोन्हींत वेगळी माहिती देतात. मला या साऱ्या विषयात हा उलटा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘लांब म्हणजे चांगलं, आखूड म्हणजे वाईट’ हे जाहिरातीतलं वाक्य त्याच्यासमोर टिकत नाही.

हृदयाच्या स्नायूची आणखी एक अडचण आहे. धमनीच्या अस्तराच्या पेशी दुभंगतात, हृदयाच्या स्नायूच्या पेशी मात्र जवळजवळ दुभंगतच नाहीत. हे सिद्ध करण्यासाठी स्टॉकहोमच्या जोनास फ्रीसेन यांच्या गटाने विलक्षण युक्ती वापरली. शीतयुद्धाच्या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि १९६३ च्या बंदीनंतर तो घटत गेला. ज्या वर्षी पेशी जन्मते, त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनची खूण तिच्या डीएनएत राहते. त्यावरून २००९ मध्ये त्यांनी काढलं, की पंचविसाव्या वर्षी हृदयस्नायूच्या पेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. म्हणजे जन्मतः मिळालेल्या हृदयपेशींपैकी निम्म्याहून अधिक माणसाला शेवटपर्यंत साथ देतात.

न दुभंगणाऱ्या पेशीचं टेलोमिअर झिजणार कसं? इथे मघाचा ऑक्सिजनच्या रेणूंचा मुद्दा लागू होतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की वयस्क हृदयाच्या पेशींत टेलोमिअरवर अशा जखमा साठत जातात, लांबी फारशी कमी न होताही. त्या जखमांमुळे पेशी जराग्रस्त होते. म्हणजे हृदयाच्या स्नायूत प्रश्न टोकाच्या लांबीपेक्षा टोकाला झालेल्या इजेचा आहे, आणि ती इजा रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

आधी काय, रोग की आखूडपण?

बीपीमुळे टेलोमिअर आखूड होतात, की मुळात आखूड टेलोमिअर घेऊन आलेल्यांच्या धमन्या लवकर बिघडतात? या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच स्पष्ट झालं आहे आणि ते अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे.

एकाच वर्षी जन्मलेल्या बाळांच्या टेलोमिअरमध्येही मोठा फरक असतो. तो बहुतांशी आईवडिलांकडून येतो. वडिलांचं वय जितकं जास्त, तितके मुलाचे टेलोमिअर सरासरीने लांब असतात, कारण पुरुषाच्या बीजपेशींत ते वयाबरोबर वाढतात. जन्मतः जो क्रम ठरतो, तो पुढे फारसा बदलत नाही. तीस वर्षांच्या मित्रांत ज्याचे सर्वांत आखूड, त्याचे साठीतही बहुधा सर्वांत आखूड असतात.

बेनेतोस आणि अब्राहम अविव यांनी २०१८ मध्ये एक हुशार तपासणी केली. कंकालस्नायूच्या पेशी मोठेपणी फारशा दुभंगत नाहीत, म्हणून त्यांचे टेलोमिअर जवळपास लहानपणीच्या लांबीचे राहतात. रक्ताच्या पेशी सतत दुभंगतात. एकाच माणसाच्या स्नायूतली लांबी आणि रक्तातली लांबी यांतला फरक काढला, तर आयुष्यभरात किती झीज झाली हे कळतं. धमनीविकाराच्या रुग्णांत हा फरक जास्त निघाला, पण ही झीज मुख्यतः लहान वयात होऊन गेलेली असते असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे रोग दिसण्याच्या किती तरी आधी.

जनुकांचा पुरावाही याच दिशेला जातो. टेलोमिअर लांब ठेवणारी किंवा आखूड ठेवणारी जनुकीय रूपं आपल्याला जन्मतः मिळतात. आपण पुढे धूम्रपान करू की व्यायाम, यावर ती अवलंबून नसतात. म्हणून अशा रूपांनुसार लोकांची तुलना केली तर कारण आणि परिणाम वेगळे काढता येतात. ब्रिटनच्या जैवकोशातल्या ४,७२,१७४ लोकांचे टेलोमिअर २०२१ पर्यंत मोजून झाले, त्यामुळे अशा तुलनांना मोठा आधार मिळाला. अशा तुलनेत लांब टेलोमिअर असलेल्यांना हृदयधमनीविकार कमी होतो, पण त्यांना अनेक प्रकारचे कर्करोग जास्त होतात. पेशीला अधिक वेळा दुभंगण्याची मुभा मिळाली की बिघडलेल्या पेशीलाही ती मिळते. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं आढळतं, ते यामुळेच.

बीपीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे टेलोमिअर तिथल्या गोऱ्यांपेक्षा सरासरीने लांब असतात, तरीही त्यांच्यात उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त आहे. राहणीमान, मिठाचं प्रमाण, ताण, उपचारांची उपलब्धता अशा गोष्टींपुढे टेलोमिअरची लांबी किती तोकडी ठरते, हे यावरून दिसतं.

> चौकट: टेलोमिअरची तपासणी करून घ्यावी का?
>
> काही खासगी प्रयोगशाळा ‘तुमचं खरं जैविक वय’ सांगण्यासाठी टेलोमिअर मोजून देतात. मोठेपणी वर्षाला वीस-तीस अक्षरं घटतात, म्हणजे एकूण लांबीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. प्रचलित चाचणीतला मोजण्याचा फरकच काही टक्क्यांचा असतो. त्यामुळे वर्षाने पुन्हा तपासून ‘सुधारणा झाली’ असं सांगणं निरर्थक आहे. बीपीच्या उपचारात कोणती गोळी द्यायची, किती द्यायची, हे आज कोणतीही मार्गदर्शक तत्त्वं टेलोमिअरवरून ठरवत नाहीत. टेलोमरेज वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी झटका टळतो असा पुरावा नाही, आणि कर्करोगाशी असलेला संबंध पाहता त्या स्वतःहून घेऊ नयेत.

मग बीपीच्या रुग्णाने काय करावं?

व्यायामाचा टेलोमिअरवर काही परिणाम होतो का, यावर जर्मनीत झालेली एक नेटकी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने धावणं किंवा आलटूनपालटून वेगाने व हळू धावणं करणाऱ्यांत टेलोमरेजची क्रिया आणि टेलोमिअरची लांबी दोन्ही वाढलेली आढळली, वजनं उचलणाऱ्यांत आढळली नाही. चाचणी १२४ निरोगी लोकांवर झाली होती, तेव्हा तिच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. चालण्या-धावण्याचं समर्थन करायला टेलोमिअरची गरजही नाही, त्याने रक्तदाब खरोखर उतरतो.

खरा मुद्दा रक्तदाबाच्या आकड्याचा आहे. टेलोमिअरची लांबी आपण जवळजवळ ठरलेली घेऊन येतो, दंडाला पट्टा बांधून मिळणारा आकडा मात्र आपल्या हातात असतो. जगभरच्या औषध-चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. त्यात वरचा आकडा केवळ १० ने खाली आणला तर पक्षाघात २७ टक्क्यांनी, हृदय निकामी होणं २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीविकार १७ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. एकोमध्ये जाड दिसणारी भिंतही नियमित उपचारांनी पुन्हा पातळ होऊ शकते. अँजिओटेन्सिनला रोखणाऱ्या गोळ्यांची त्यात चांगली मदत होते. स्कॉटलंडमधल्या निकालानेही हेच सांगितलं, की जन्मतः आखूड टेलोमिअर घेऊन आलेल्या माणसाचा धोकाही साध्या गोळीने बराच कमी करता येतो.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत रक्तदाब चढा निघाला किंवा त्यावर गोळी चालू होती. चढ्या रक्तदाबाला बहुधा कसलंही लक्षण नसतं, म्हणून कित्येकांना तो असल्याचं माहीतच नसतं. ज्यांना माहीत आहे त्यांतले अनेक जण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडतात. हे चित्र बदलण्यासाठी २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत झाली. त्याची पद्धत साधी आहे. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, ठरलेला क्रम, जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत औषध आणि न आलेल्या रुग्णाची विचारपूस.

तेव्हा तुमचं वय तिशीपुढे असेल आणि गेल्या वर्षभरात बीपी मोजलं नसेल तर या आठवड्यात जवळच्या केंद्रात जाऊन मोजून घ्या. पाच मिनिटं स्वस्थ बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, आकडा चढा आला तर एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजा. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. टेलोमिअरच्या तपासणीसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यांतून घरी वापरण्याचं चांगलं बीपीचं यंत्र घ्या आणि आकडे वहीत लिहून पुढच्या भेटीला बरोबर न्या.